२१३ नंबरचं गाऱ्हाणं

भुताखेतांच्या अनुभवांचा हा धागा मी तीन-चार वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर हसायला वाचत होते. ऑफिसात दुपारचा डबा खाता खाता. घाटातली बाई, पांढरी साडी, उलटे पाय... एकदा तर मीच खाली विचारलं होतं की भूत झाल्यावर साडीला इस्त्री कोण करून देतं? लोकांनी हसरे चेहरे टाकले, मला मजा वाटली, आणि ज्यांनी तो अनुभव लिहिला होता त्यांनी नंतर इथे काही लिहिलंच नाही. ते अजून वाचत असतील तर आधी त्यांची माफी मागते, मग सुरुवात करते.

मी वैशाली, राहणार नाहूर, वय चव्वेचाळीस. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायचं. तुझ्या स्वभावाला अगदी शोभतं, असं नवरा म्हणतो. आमच्या धंद्यात ‘एकदा असं झालं होतं’ या वाक्याला काडीची किंमत नाही. ज्युनियर मुली येऊन सांगतात, मॅडम, काल स्क्रीन आपोआप गेली. मी म्हणते, परत करून दाखव. नाही दाखवता आलं की तक्रार बंद. अशा किती तक्रारी मी आजवर बंद केल्या ते देव जाणे. म्हणजे देवबिवही मी कधी मानला नाही, ही आपली बोलायची पद्धत.

आता माझ्याकडेच एक ‘एकदा झालेली’ गोष्ट आहे आणि ती मला परत करून दाखवता येत नाही. वेळ सकाळची सव्वाअकरा, वार गुरुवार, जागा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पवई तलावाच्या जरा अलीकडे. चांगलं चटचटीत ऊन होतं. पण त्याच्या आधीचं सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही.

माझे बाबा मूळचे देवगडकडचे. परळच्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा मी पाळण्यात होते. मग ते घाटकोपरला एका बिल्डिंगमध्ये लिफ्टमन म्हणून लागले आणि पुढची सत्तावीस वर्षं त्या लिफ्टमधल्या स्टुलावर बसून काढली. लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं आणि मधल्या वेळात थांबायचं. त्यामुळे थांबण्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. मी मात्र लहानपणापासून घायकुती. मिलमधल्या मागांच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे गेले होते, पण गाण्याचं वेड पूर्ण शाबूत होतं. आई गेल्यावर ते आमच्याकडे नाहूरला राहायला आले.

सात वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली. आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली चारचाकी. सगळ्यात खालचं मॉडेल, त्यात स्टिरिओसुद्धा नव्हता. तो नंतर मुलुंडच्या एका ॲक्सेसरीवाल्याकडून बसवून घेतला. तर शोरूममधून गाडी सोसायटीच्या गेटमध्ये आणली तेव्हा बाबा खाली हजर. धुवट पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात न सोललेल्या शेंडीचा नारळ. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, तोवर मी ठीक होते. मला वाटलं आता नारळ फोडतील आणि आपण सुटू. पण बाबांनी टोपी सारखी केली, नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

कोकणाबाहेरच्यांना सांगते. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्याने देवासमोर उभं राहून, सगळ्यांदेखत, मोठ्याने आपल्या बोलीत सांगायचं — हे असं असं आहे, तू सांभाळ. आणि प्रत्येक मागणीनंतर भोवतीच्या माणसांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. कुठलंही नवं काम याच्याशिवाय सुरू होत नाही. गावी देवळात हे ऐकताना अंगावर काटा येतो. नाहूरच्या सोसायटीत, पेव्हर ब्लॉकवर उभं राहून ऐकताना मला घाम फुटला.

‘बा देवा महाराजा! गावच्या रवळनाथा, कुळाच्या कुळपुरुषा, येशीवरच्या राखणदारा! आज ह्या तुज्या लेकरांनी चार चाकां दारात आणलेली आसत. तेंच्यार कोणाची वायट नजर पडली आसात, वाटेक काय आडवां येत आसात, तर ता बाजूक कर आणि बसलेल्या माणसांक सुखरूप घराक पोचव, रे महाराजा!’

बाबांना कमी ऐकू यायचं म्हणून ते नेहमीच मोठ्याने बोलत. त्या दिवशी तर ‘बी’ विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईसुद्धा गॅलरीत आल्या. नितीन, म्हणजे माझा नवरा, नगरचा, त्याला यातलं काही माहीत नाही. मला सगळं माहीत होतं. मी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. मागे सोसायटीचे सेक्रेटरी स्वतःची गाडी बाहेर काढायला थांबले होते, त्यांनी दोनदा हॉर्न दिला. बाबांना तो ऐकूच आला नाही.

‘आणि हा जा माजा चेडू आसा, महाराजा, तेका—’

‘बाबा, आवरा ना. लोक बघतायत. उरलेलं मनात म्हणा.’

चेडू म्हणजे मुलगी. नेमके माझ्यापर्यंत आले आणि मीच त्यांना गप्प केलं. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, मागच्या गाडीकडे बघितलं, आणि खाली वाकून नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटले, सेक्रेटरींनाही दिला. वर जाताना लिफ्टमध्ये मला म्हणाले, ‘गो बाय, गाऱ्हाणा अर्धा रवला. देवाक हाक मारलंय आणि उभो करून ठेवलंय.’

मी म्हणाले, ‘मग बसायला सांगा त्याला.’

विनोद केला होता मी. बाबा हसलेही होते.

पण त्यांच्या डोक्यातून ते काही गेलं नाही. वर्षातून दोन-तीनदा तरी विषय काढायचे. ‘रविवारी तुका येळ मेळात काय? खाली उतरान पाच मिन्टांत पुरा करतंय.’ नाहीतर, ‘गाडी घेऊन एकदा गावाक जाव या, थय देवळासमोर पुरा करूया.’ मी हो म्हणायचे. मग कधी ऑफिसचं काहीतरी, कधी मुलीची परीक्षा, कधी नुसताच कंटाळा. सहा वर्षांत पाच मिनिटं निघाली नाहीत माझ्याकडून. आणि माझ्यासाठी काय मागणार होतात, हे तर मी एकदाही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय, सुखी ठेव म्हणणार, सगळे बाप तेच म्हणतात, असं मला वाटायचं.

गाडीत बाबांचा एकच हट्ट असे, तो म्हणजे त्यांचा पेन ड्राइव्ह. हिरवा, आठ जीबीचा. सुरुवातीला स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानातून ते त्यात गाणी भरून आणत. नंतर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे जे येईल ते मला भरायला लावत. डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची भजनं, दशावतार, शिमग्यातले खेळे, कोणाच्या तरी घरच्या गणपतीची आरती. फॉरवर्ड होऊन होऊन, दाबून दाबून त्या फाइलींची पार वाट लागलेली. बुवा पत्र्याच्या डब्यात बसून गातोय असं वाटायचं. मी चिडायचे. एकदा त्यांना समजावून सांगायला बसले की बाबा, ही एमपीथ्री फाइल लहान कशी होते, तर माणसाच्या कानाला जे कळणार नाही असं ती बनवणाऱ्यांना वाटतं, ते सगळं काढून टाकतात.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘आणि काढलेला जाता खय?’

‘कुठे जाणार? डिलीट होतं.’

‘असा कसा? खय तरी जाताच मा.’

मी हात जोडले.

आमचा स्टिरिओ स्वस्तातला. त्याच्या पडद्यावर मराठी नावं उमटत नाहीत, नुसते चौकोन येतात आणि नंबर दिसतो. म्हणून बाबांनी एका पतपेढीच्या फुकटच्या डायरीत यादी केली होती. नंबर आणि पुढे काय आहे ते. ‘४१ – डबलबारी, बुवा चिडलो ता’. ‘८८ – आरती, मागे कुत्रो भुकता’. शेवटचा नंबर २१२, तो मीच भरला होता. एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवते — हा स्टिरिओ नावाप्रमाणे नाही, ज्या क्रमाने फाइली भरल्या त्या क्रमाने वाजवतो. नवी फाइल नेहमी शेवटी. आणि गाडी बंद केली तरी कुठे थांबलो होतो ते लक्षात ठेवतो. पण बाबा शेजारी बसलेले असताना तो पेन ड्राइव्ह कधी शेवटपर्यंत वाजला नाही. दोन गाणी झाली की माझा फोन यायचा, नाहीतर मी बातम्या लावायचे. बाबा खिडकीबाहेर बघत बसायचे.

गेल्या वर्षी बाबा गेले. न्युमोनिया झाला, नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मी रोज संध्याकाळी जायचे आणि रोज घड्याळ बघायचे. हे लिहिताना लाज वाटते, पण बघायचे. शेवटच्या दोन दिवसांत ते बोलतच नव्हते, त्यामुळे अर्धं राहिलेलं त्यांनी काढलं नाही आणि मलाही आठवलं नाही.

पेन ड्राइव्ह गाडीतच होता. काढायचा धीर होईना. महिन्याभराने एकदा लावला आणि ठरवलं की आता पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, एकही नंबर न टाळता. ऑफिस मरोळला. जाताना सव्वा तास, येताना दीड. डायरी शेजारच्या सीटवर ठेवायची, बाबा बसायचे तिथे. सिग्नलला थांबले की वाचायची. १३० नंबरला लिहिलं होतं, ‘वैशूक आवडता. बंद करूचा नाय.’ ते एक शिमग्याचं गाणं निघालं. मला ते आवडतं असं मी कधी म्हणाले होते, अजिबात आठवत नाही. बहुतेक एखाद्या दिवशी मी ते बंद केलं नसेल, इतकंच.

तर तो गुरुवार. गांधीनगरच्या पुढे नेहमीसारखी गर्दी, गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली. २१२ नंबर संपत आला. ते गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं भजन, हॉस्पिटलच्या आधीच्या आठवड्यात मीच भरलेलं. आता यानंतर परत पहिला नंबर लागणार हे मला माहीत होतं. मन जरा जड झालं, कारण ऐकायचं असं आता काही उरलं नव्हतं. भजन संपलं. पडद्यावर आकडा बदलला — २१३.

पहिल्यांदा वाटलं मी मोजायला चुकले. आधी काही नव्हतं, मग एक कावळा ओरडला. मग नळाखाली बादली सरकवल्याचा आवाज, आमच्या खालच्या वॉचमनच्या केबिनशेजारी नळ आहे तसा. मग कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं मी हजार माणसांत ओळखीन.

‘बा देवा महाराजा! गावच्या रवळनाथा...’

मी सांगते ते नीट वाचा, कारण मी स्वतः हे मनात शंभर वेळा आठवून बघितलंय. तो आवाज पत्र्याच्या डब्यातला नव्हता. त्या पेन ड्राइव्हमधलं बाकी सगळं दाबलेलं, चेमटलेलं, आणि ह्यात मात्र सगळं होतं. सदऱ्याची सळसळ होती. हातातल्या नारळात पाणी हलल्याचासुद्धा आवाज होता, तो त्या दिवशी शेजारी उभं राहूनही मला ऐकू आला नव्हता. चार चाकां आली, वायट नजर आली, सुखरूप घराक पोचव आलं. मग हॉर्न, दोनदा. मग, ‘आणि हा जा माजा चेडू आसा, महाराजा, तेका—’

आणि मग मी. माझा स्वतःचा आवाज, सात वर्षांपूर्वीचा. ‘बाबा, आवरा ना. लोक बघतायत. उरलेलं मनात म्हणा.’

इतकं तुसडं बोलले होते मी? मला वाटत होतं हळूच सांगितलं होतं.

यानंतर नारळ फुटल्याचा आवाज यायला हवा होता. त्या दिवशी तसंच झालं होतं, मी सांगितलं आणि ते वाकले. पण नारळ फुटला नाही. बाबा पुढे बोलत राहिले. आवाज खाली आणून, जरा हसत, देव अगदी जवळ उभा असावा तसे.

‘...तेका काय कमी नाय, महाराजा. शिकला, आपल्या पायार उभा रवला. घाई मातर भारी. जेवतानाय घाई, बोलतानाय घाई. मी काय तेका बोलणंय नाय, पोटापाण्याची घाई ती. तेका तू वायच थांबाक शिकव. आणि ज्या दिवशी ता थांबात, त्या दिवशी तेच्यासाठी कोण तरी थांबलेला आसू दे, रे महाराजा!’

आणि ते थांबले.

गाऱ्हाण्यात ती जागा कोणाची असते ते तुम्हाला आता माहीत आहे. त्या जागेवर कोणीच काही म्हटलं नाही. नितीन नाही, वॉचमन नाही. फक्त बाबांचा श्वास ऐकू येत होता. ते वाट बघत होते.

आणि मी काय केलं? मी फोन उचलला. रेकॉर्ड करायला! टेस्टिंगमधली अठरा वर्षांची सवय, पुरावा हवा ना. अंगठा ओला होता, फोन उघडेना. नंबर टाकला, चुकला. परत टाकला. रेकॉर्डरचं बटण कुठल्या पानावर आहे ते सापडेना. मागचे हॉर्न मारायला लागले, पुढची रांग सरकली होती. बाबा अजून थांबलेले, मला ऐकू येत होतं. शेवटी लाल ठिपका लागला, सेकंद मोजायला सुरुवात झाली, आणि मी मान वर केली तर पडद्यावर १ होता. पहिल्या भजनाचे टाळ सुरू झाले.

ते रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, अकरा सेकंदांचं. त्यात हॉर्न आहेत, टाळ आहेत आणि एक बाई रडतेय.

पुढचं सांगायला हवं, कारण तुमच्यातले निम्मे माझ्यासारखेच असणार. त्याच दिवशी ऑफिसात न जाता घरी परत आले, पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. फाइली २१२. लपवलेल्या फाइली बघितल्या, नाहीत. डिलीट केलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं, त्यात दोन जुन्या आरत्या आणि कोणाच्यातरी लग्नाचा फोटो मिळाला. मुळात त्या दिवशी खाली कोणी रेकॉर्ड केलंच नव्हतं. नितीनच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता, माझ्या हातात औक्षणाचं ताट. बरं, कोणी चोरून केलंही असेल असं धरू. पण जे बाबा बोललेच नाहीत ते कोण रेकॉर्ड करणार? नितीनलाही मी विचारलं, मी आवरा म्हटल्यावर ते पुढे काही बोलले होते का. तो म्हणाला, ‘नाही गं. लगेच फोडला नारळ. मला वाईट वाटलं होतं तेव्हा.’ मला वाटलं होतं त्याचं लक्षही नसेल.

बाबांची डायरी परत बघितली. २१२ च्या खाली ‘२१३ –’ असं लिहिलेलं आहे आणि पुढे कोरं. पण पुढचा आकडा आधीच घालून ठेवायची त्यांची सवयच होती, तेव्हा हा काही पुरावा नव्हे. मुलुंडच्या ॲक्सेसरीवाल्याकडे स्टिरिओ उघडून घेतला. त्याने आत फुंकर मारली, परत बंद केला आणि म्हणाला, ‘मॅडम, ये तो डब्बा है. आप जो डालोगे वही बजाएगा.’

मग मी भांडुपला आत्याकडे गेले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. तिला पेन ड्राइव्ह म्हणजे काय हे सांगण्यातच दहा मिनिटं गेली. सगळं सांगितलं, नारळातल्या पाण्यापर्यंत. मला वाटलं ती घाबरेल, नाहीतर एखादी शांती करून घ्यायला सांगेल. तिला कशाचंच नवल वाटलं नाही. तांदूळ निवडता निवडता तिने एवढंच विचारलं, ‘मगे? तू व्हय म्हटलंस मा?’

मी तिच्या तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

तिने हात थांबवला. ‘म्हटलंस नाय?’

‘मी फोन काढत होते गं, आत्या.’

तिने तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, ‘घालणाऱ्यान आपला पुरा केल्यान गो. आयकणाऱ्यान व्हय म्हणाचा आसता. ता म्हटल्याशिवाय घालणारो बसाचो कसो?’

त्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात मी जी रडले ती बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते. एकदा त्यांना मधेच तोडलं, ते अडाणीपणाने म्हणा, लाजेने म्हणा. पण दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा तर ते माझ्यासाठी, सगळं सविस्तर सांगून, थांबून राहिले होते. मी एक शब्द बोलायचा होता, आणि मी बटण शोधत बसले. त्यांनी देवाला सांगितलं होतं की हिला जरा थांबायला शिकव, आणि त्याच मिनिटाला मी परत घाई केली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणी म्हणेल दुःखात माणसाला भास होतात. असेलही. मी पण दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं. फक्त भासात नारळातलं पाणी कुठून आलं, आणि जे वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं ते माझ्या डोक्याने इतक्या चोख मालवणीत कसं रचलं, हे मला कळत नाही. मला मालवणी समजते, बोलता येत नाही. ‘काढलेला जाता खय’ हा प्रश्न बाबांनी विचारला होता तेव्हा मी हात जोडले होते. आज कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन की मला माहीत नाही.

बटण दाबून २१२ वर उडी मारून बघितली. त्यानंतर सरळ १ लागतो. मग म्हटलं, पहिल्यापासून ऐकत यायचं, जसं तेव्हा ऐकलं होतं. एक फेरी पूर्ण व्हायला मला साधारण तीन आठवडे लागतात. एकही नंबर टाळत नाही, चिडलेला बुवा नाही, कुत्रा भुंकणारी आरती नाही. गाडीत आता फोन घेत नाही. ऑफिसातल्या लोकांना वाटतं मॅडम बदलल्या. आतापर्यंत सतरा फेऱ्या झाल्या. २१३ परत आला नाही.

काल सतरावी संपली, योगायोगाने पवईलाच. २१२ संपतो आणि १ लागतो त्याच्या मधे एक सेकंद, फार तर दीड सेकंद, काहीच वाजत नाही. तेवढी जागा मी आता ओळखते. त्या जागेत मी मोठ्याने म्हणते, बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने — ‘व्हय महाराजा!’ काल काच खाली होती. शेजारच्या रिक्षातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या, रिक्षावालाही बघत होता.

बघू दे.